विश्लेषण : काडतुसाची मुदत कोण ठरवते? वय, ओल आणि इवल्याशा ‘टोपी’चे गणित

बिहारचे माजी मुख्यमंत्री जगन्नाथ मिश्रा यांच्यावर २१ ऑगस्ट २०१९ रोजी सुपौल जिल्ह्यात शासकीय इतमामात अंत्यसंस्कार झाले. मुख्यमंत्री नीतीश कुमार उपस्थित होते. मानवंदनेसाठी पोलिसांनी २२ रायफली रोखल्या, चाप ओढले. पण एकाही रायफलीतून बार उडाला नाही. या प्रसंगाची देशभर थट्टा झाली. मानवंदनेची फैर चुकली तर नामुष्कीवर निभावते. चकमकीत किंवा सीमेवर ती चुकली तर जीव जातो.

जुन्या दारूगोळ्याचा प्रश्न भारतापुरता नाही. उत्तर कोरियाने रशियाला पुरवलेले तोफगोळे १९७०-८०च्या दशकांतील असून त्यांतले निम्मे चालतच नाहीत, असा दावा युक्रेनच्या लष्करी गुप्तचर विभागाचे उपप्रमुख वादिम स्किबित्स्की यांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये केला होता. एका पक्षाने शत्रूविषयी केलेला दावा तोलूनमापूनच घ्यायचा असतो. तरीही लांबलेल्या युद्धात कोठारातला जुना माल बाहेर निघतो, तेव्हा हा प्रश्न प्रत्येक सैन्यापुढे उभा राहतो. काडतूस किती वर्षे टिकते? त्याला ओल लागली तर काय होते? उत्तराचा मोठा भाग काडतुसाच्या बुडाशी बसवलेल्या, मुगाच्या दाण्याहून थोड्याच मोठ्या एका भागात दडलेला आहे.

काडतुसातील ‘टोपी’ म्हणजे काय?

काडतुसाचे मुख्य भाग चार : पितळी पुंगळी, पुंगळीत भरलेली दारू, पुढे बसवलेली गोळी आणि बुडाशी असलेला प्रायमर. या प्रायमरला बोलीभाषेत टोपी म्हणतात. चाप ओढला की बंदुकीची पिन या टोपीवर आदळते. टोपीच्या आत अत्यंत संवेदनशील मिश्रणाचा पातळ थर असतो. पिनच्या ठोक्याने तो आतल्या छोट्या ऐरणीवर चेपला जातो, पेटतो आणि ज्वाळेचा झोत पुंगळीतल्या दारूत सोडतो. दारू जळते, वायू तयार होतो, गोळी सुटते.

हे मिश्रण वजनाने अगदी थोडे असते. रायफलीच्या टोपीतही ते काही शतांश ग्रॅमच भरते. दिवाळीतल्या टिकल्यांचे तत्त्व हेच : ठोका बसला की ठिणगी. सादळलेली टिकली फुसकी निघते, हे लहान मुलालाही ठाऊक असते. फरक इतकाच, की टिकलीवर कागदाचे आवरण असते आणि काडतुसाची टोपी धातूच्या वाटीत बंद असते.

पावसाचे आणि दारूचे वैर किती जुने?

बंदुकीइतकेच जुने. प्लासीच्या लढाईत, २३ जून १७५७ रोजी, दुपारी पावसाची जोरदार सर आली. ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्याने आपली दारू ताडपत्रीखाली झाकली. सिराजउद्दौलाच्या सैन्याची दारू भिजली. इंग्रजांच्या तोफाही आता गप्प असतील, अशा समजुतीने नवाबाचा सेनानी मीर मदन चाल करून गेला आणि तोफेच्या माऱ्यात पडला. त्या लढाईचा निकाल फितुरीने लागला हे खरेच. पण भिजलेल्या दारूचाही त्यात वाटा होता.

त्या काळी चकमकीच्या दगडाची ठिणगी उघड्या कानातल्या दारूवर पडून बार उडे. पावसात ही व्यवस्था कोलमडायची. १८०० मध्ये इंग्रज रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड हॉवर्ड यांनी ठोक्याने पेटणाऱ्या पाऱ्याच्या फल्मिनेटची माहिती प्रसिद्ध केली. स्कॉटलंडमधील अलेक्झांडर फोर्सिथ या धर्मोपदेशकाला शिकारीचा नाद होता. चकमकीचा लखलखाट पाहून पक्षी उडून जातात, हे पाहून त्याने ठोक्याने पेटणारी यंत्रणा तयार केली आणि १८०७ मध्ये तिचे पेटंट घेतले. पुढे काही वर्षांत तांब्याची टोपी आली. कोकणात पीकसंरक्षणाच्या परवान्यावर आजही बाळगल्या जाणाऱ्या ठासणीच्या बंदुका याच टप्प्यावरच्या. त्यांतली ‘केप’ ही आजच्या प्रायमरची पणजी.

१८६०च्या दशकात टोपी पुंगळीतच बसवली गेली आणि दारू, गोळी व ठिणगी एका बंद डबीत आली. ओलीविरुद्धची लढाई तेव्हा बरीचशी जिंकली गेली, पण पूर्णपणे नाही.

टोपीतले रसायन बदलले की आयुष्यही बदलते का?

हो, आणि इतिहासात हा बदल तीनदा झाला.

पहिले रसायन पाऱ्याचे फल्मिनेट. ते झटकन पेटायचे, पण उष्ण हवेत साठवले की हळूहळू विघटित व्हायचे. शिवाय बार उडाल्यावर सुटणारा पारा पितळात मुरून पुंगळी ठिसूळ करायचा.

दुसऱ्या टप्प्यावर पोटॅशियम क्लोरेटच्या मिश्रणांवर भर आला. ही मिश्रणे साठवणीत टिकाऊ ठरली. त्यांचा दोष वेगळा : जळल्यावर नळीत मिठासारखा क्षार उरतो, तो हवेतली ओल ओढतो आणि न धुतलेली बंदूक थोड्याच दिवसांत गंजते. तरीही अमेरिकी लष्कराने दुसऱ्या महायुद्धात बहुतेक काडतुसांसाठी क्लोरेटच कायम ठेवले. कारण साधे होते : सैनिकाला बंदूक धुवायला सांगता येते, पण कोठारात मेलेली टोपी जिवंत करता येत नाही.

तिसरा टप्पा शिशाच्या स्टिफनेटचा. १९२०च्या दशकात जर्मनीत त्यावर आधारित, गंज न आणणारे प्रायमर बाजारात आले. हे संयुग पाण्यात फारसे विरघळत नाही, नेहमीच्या तापमानात स्थिर राहते. आज जगातली बहुसंख्य काडतुसे त्यावरच चालतात. बंदिस्त सराव-दालनांत शिशाची धूळ श्वासावाटे शरीरात जाते, म्हणून शिसे नसलेले पर्यायही आले आहेत. मात्र दीर्घकाळच्या साठवणीची जी परीक्षा स्टिफनेटने अनेक दशके दिली, ती या नव्या मिश्रणांनी अजून तितकी दिलेली नाही.

बंद काडतुसात ओल शिरते कशी?

काडतुसाला दोन सांधे असतात. एक टोपी आणि पुंगळी यांच्यामधला, दुसरा पुंगळीचे तोंड आणि गोळी यांच्यामधला. दोन्ही ठिकाणी धातू धातूला घट्ट बसलेला असतो, पण घट्ट म्हणजे हवाबंद नव्हे. म्हणून लष्करी काडतुसांच्या टोपीभोवती लाखेसारख्या रोगणाचे कडे दिलेले असते. बऱ्याचदा ते लाल, हिरवे किंवा जांभळे दिसते. गोळीच्या बाजूला डांबरासारखा लेप असतो. सरावाच्या किंवा शिकारीच्या स्वस्त काडतुसांत ही सोय असतेच असे नाही. शॉटगनच्या जुन्या कागदी काडतुसांची तर आणखी वाईट गत : ओल लागली की कागद फुगतो आणि काडतूस नळीतच बसत नाही.

ओल शिरण्याचा नेहमीचा मार्ग भिजणे हा नव्हे. दिवसा पत्र्याच्या डब्यातली हवा तापून फुगते आणि झाकणाच्या फटीतून बाहेर पडते. रात्री डबा गार होतो, आतली हवा आकसते आणि बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. डबा असा रोज श्वास घेतो. कोकणात पावसाळ्यात हवेतील आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या आसपास असते. अशा हवेत रबरी कडी झिजलेल्या डब्यात काही महिन्यांत पितळावर हिरवट डाग दिसू लागतात. लष्करी डब्यांना रबरी कडी, आत ओल शोषणारी पुडी आणि उघडल्यानंतरची नोंद या तीन गोष्टी लागतात त्या यासाठीच.

दुसरा घुसखोर म्हणजे तेल. बंदूक साफ करताना वापरले जाणारे पातळ, झिरपणारे तेल पाण्यापेक्षा सहज सांध्यांत शिरते आणि पाण्यासारखे सुकूनही जात नाही. ‘बंदुकीला तेल द्या, काडतुसाला नको’ हा शस्त्रागारातला जुना दंडक त्यामुळेच आहे. रोगण लावलेली टोपी तेलाला बराच काळ दाद देत नाही. रोगण नसेल तर भरवसा नाही.

भिजलेली टोपी कायमची मरते का?

सर्वांत मोठा गैरसमज इथेच आहे. कारखान्यात टोपीतले मिश्रण भरतात तेच मुळी ओल्या लगद्याच्या रूपात. कोरडे मिश्रण हाताळणे जिवावर बेतू शकते. ओले असताना ते बऱ्यापैकी शांत राहते. भरून झाल्यावर ते वाळवले जाते. म्हणजे पाणी या रसायनाला मारत नाही, झोपवते.

म्हणून थोडा वेळ भिजलेली टोपी वाळल्यावर पुन्हा उडू शकते. पाण्यात टाकलेली काडतुसे ‘निकामी झाली’ असे समजणे धोक्याचे ठरते ते यामुळेच.

दीर्घकाळच्या ओलीची गोष्ट वेगळी. मिश्रण बांधून ठेवायला परंपरेने डिंक वापरला जातो आणि डिंक पाण्यात सुटतो. मिश्रणातला बेरियम नायट्रेटसारखा, ज्वलनाला प्राणवायू पुरवणारा घटकही काही प्रमाणात विरघळतो. थर भेगाळतो, ऐरणीपासून सरकतो. पुढे टोपी कधी उडते, कधी नाही, कधी अर्धवट पेटते. बाहेरून पाहून हे ओळखता येत नाही. चकचकीत काडतूस फुसके निघू शकते आणि काळवंडलेले ठणठणीत उडू शकते.

मग वयाचा काहीच परिणाम नाही?

वयापेक्षा वर्षे कुठे गेली याचा परिणाम जास्त. दुसऱ्या महायुद्धातली, थंड आणि कोरड्या जागी बंद डब्यात राहिलेली काडतुसे अनेक दशकांनंतरही उडतात. दोन पावसाळे गळक्या कोठीत काढलेला नवा माल दगा देऊ शकतो.

उष्णता हा दुसरा आणि अधिक छुपा शत्रू. तापमान १० अंशांनी वाढले की रासायनिक विघटनाचा वेग साधारण दुप्पट होतो, हा रसायनशास्त्रातला ढोबळ ठोकताळा. २५ अंशांऐवजी ४५ अंशांत साठवलेला माल त्या हिशेबाने चौपट वेगाने म्हातारा होतो. उन्हात उभ्या वाहनातला लोखंडी डबा तर बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो.

याचा फटका टोपीआधी बऱ्याचदा दारूला बसतो. आजची धूरविरहित दारू नायट्रोसेल्युलोजची असते आणि ती आपोआप, हळूहळू विघटित होत राहते. त्यातून निघणारे आम्लधर्मी वायू विघटन आणखी वाढवतात. ते शोषून घेण्यासाठी दारूत स्थिरक मिसळलेले असतात. स्थिरक संपला की धोका सुरू होतो. १२ मार्च १९०७ रोजी तुलाँ बंदरात ‘इएना’ ही फ्रेंच युद्धनौका दारूच्या कोठारातील स्फोटाने उद्ध्वस्त झाली आणि सुमारे १२० जण ठार झाले. संशयाची सुई जुन्या, बिघडलेल्या दारूकडेच वळली होती.

बार न उडणे, एवढाच धोका आहे का?

नाही. चाप ओढला आणि काहीच झाले नाही, तर निदान काय घडले ते कळते. त्याहून वाईट शक्यता दोन.

पहिली, उशिरा उडणे. अशक्त टोपी धुमसते आणि बार क्षणभर उशिरा होतो. तेवढ्यात गोंधळून कोणी नळी बाजूला वळवली किंवा खटका उघडला, तर पुंगळी चेहऱ्याजवळ फुटते. फुसका आवाज आला तर नळी लक्ष्याकडेच रोखून थोडा वेळ थांबायचे, हे सराव मैदानावर पहिल्याच दिवशी शिकवतात ते यासाठी.

दुसरी, अर्धवट उडणे. टोपी पेटते, पण ओली दारू नीट पेटत नाही. गोळी सुटते आणि नळीतच अडकते. सैनिकाच्या किंवा शिपायाच्या ते लक्षात आले नाही आणि त्याने पुढचा बार काढला, तर नळी फुटू शकते. एका फुसक्या काडतुसामागून आलेले दुसरे चांगले काडतूस इथे घातक ठरते.

‘मुदत’ ठरते कशी?

औषधाच्या बाटलीवर असते तशी एक तारीख काडतुसाबाबत पुरेशी नसते. पुंगळीच्या बुडाशी कारखान्याची खूण आणि बहुधा वर्ष कोरलेले असते. खडकीच्या कारखान्याच्या काडतुसांवर ‘केएफ’ ही इंग्रजी आद्याक्षरे दिसतात, कारण इंग्रज खडकीला ‘किरकी’ म्हणत. डब्यावर खेपेचा क्रमांक असतो. एका खेपेतली टोपी, दारू आणि पितळ सारखे असते, म्हणून तपासणीही खेपेनुसार होते.

टोपीची कसोटी साधी आहे. ठरावीक वजनाचा पोलादी गोळा वेगवेगळ्या उंचीवरून पिनवर सोडतात. कोणत्या उंचीला सगळ्या टोप्या उडतात आणि कोणत्या उंचीला एकही उडत नाही, याची नोंद होते. वर्षे सरली तशी पहिली उंची वाढू लागली, तर टोप्या मंदावत आहेत असे समजायचे. सोबत काही नमुने मुद्दाम उष्ण आणि दमट पेटीत आठवडेच्या आठवडे ठेवून पुढचे वार्धक्य आधीच पाहिले जाते.

थोडक्यात, कागदावरची मुदत हे अटींसह दिलेले वचन असते. ठरलेल्या तापमानात, ठरलेल्या आर्द्रतेत, न फोडलेल्या डब्यात ठेवाल, तरच ते वचन लागू. अट मोडली की तारखेला अर्थ उरत नाही.

भारतात हा प्रश्न इतका कळीचा का?

पहिले कारण हवामान. राजस्थानचा उन्हाळा, कोकण आणि ईशान्येचा पावसाळा, लडाखची गोठवणारी थंडी यांतून एकच काडतूस प्रवास करते.

दुसरे कारण साठ्याची चणचण. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०१७ मधील अहवालानुसार, सप्टेंबर २०१६ मध्ये लष्कराच्या दारूगोळ्याच्या १५२ प्रकारांपैकी ६१ प्रकारांचा साठा दहा दिवसांच्या युद्धालाही पुरेसा नव्हता. साठा कमी असला की जुना माल बाद करायला हात धजावत नाही.

तिसरे कारण दर्जाचा वाद. मुदत संपण्याआधीच बाद कराव्या लागलेल्या सदोष दारूगोळ्यामुळे २०१४ नंतरच्या काही वर्षांत सुमारे ९६० कोटी रुपयांचे नुकसान झाल्याचा लष्कराचा अंतर्गत अहवाल २०२० मध्ये माध्यमांत आला. आयुधनिर्माणी मंडळाने तो ठपका मान्य केला नाही. दोष कारखान्यातला की कोठारातला, हा वाद साठवणीची पक्की नोंद असेल तरच सुटू शकतो.

महाराष्ट्र या प्रश्नाच्या केंद्रस्थानी आहे. १८६९ पासूनचा खडकीचा दारूगोळा कारखाना आणि जळगाव जिल्ह्यातील वरणगावचा कारखाना लहान शस्त्रांची काडतुसे बनवतात. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुधनिर्माणी मंडळाचे सात सरकारी कंपन्यांत रूपांतर झाले, तेव्हा दारूगोळ्याची जबाबदारी पुण्यात मुख्यालय असलेल्या ‘म्युनिशन्स इंडिया’कडे आली. आणि जुन्या दारूगोळ्याची किंमतही याच राज्याने मोजली. वर्धा जिल्ह्यातील पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात ३१ मे २०१६ रोजी लागलेल्या आगीत दोन लष्करी अधिकाऱ्यांसह किमान १६ जणांचा मृत्यू झाला. २० नोव्हेंबर २०१८ रोजी त्याच परिसरात बाद दारूगोळा नष्ट करताना स्फोट होऊन सहा जण दगावले. या दुर्घटना काडतुसाच्या टोपीमुळे घडलेल्या नाहीत. पण बिघडू लागलेला दारूगोळा वेळेत ओळखणे आणि सुरक्षितपणे संपवणे हे काम किती जोखमीचे आहे, हे त्यांनी दाखवले.

पोलीस आणि परवानाधारकांनी काय पाहावे?

लष्कराकडे निदान भांडारे, प्रयोगशाळा आणि तपासणीची साखळी आहे. पोलीस ठाण्याच्या कोठीत काडतुसे कपाटात, तीही फोडलेल्या डब्यात पडून राहू शकतात. त्यावरचा उपाय खर्चिक नाही : आधी आलेला माल आधी सरावात संपवायचा, नवा राखून ठेवायचा, डबा कधी उघडला याची नोंद ठेवायची आणि दर पावसाळ्यानंतर प्रत्येक खेपेतली थोडी काडतुसे झाडून पाहायची. नियमित सरावाचा हा दुसरा फायदा सहसा मोजला जात नाही. सराव आखडता घेतला की शिपायाचा नेम जातोच, शिवाय काडतुसेही कोठीतच म्हातारी होतात.

परवानाधारकांसाठी नियम सोपे आहेत. काडतुसे स्वयंपाकघराजवळ, पत्र्याच्या छपराखाली किंवा ओलसर भिंतीतल्या कपाटात ठेवू नयेत. घट्ट झाकणाचा डबा आणि ओल शोषणारी पुडी पुरेशी असते. हिरवट डाग पडलेली, फुगलेली, टोपी वर आलेली किंवा पुरात सापडलेली काडतुसे वापरू नयेत. ती उन्हात किंवा चुलीशेजारी वाळवणे, जाळणे, ठोकून उघडणे किंवा विहिरीत टाकणे, हे सगळेच घातक आहे.

जुन्या वाड्यात, आजोबांच्या पेटीत विनापरवाना काडतुसे सापडली, तर १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार ती बाळगणे गुन्हा ठरू शकतो. त्यांना हात न लावता जवळच्या पोलीस ठाण्याला कळवावे. पन्नास वर्षांपूर्वीचे काडतूस मेले असेल, असा अंदाज घरच्या घरी बांधू नये. कारण ते जिवंत आहे की नाही हे ठरवण्याची खात्रीची पद्धत प्रयोगशाळेतच असते.